गोडेपाणी आणि काळी पडलेली तार

गोडेपाणी हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव काय, हे धक्क्यावरच्या अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या अर्ध्यांना आठवत नव्हतं. समुद्राच्या पाण्यात भिजलेलं कुठलंही यंत्र घेऊन कोणी दारात आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "गोड्या पाण्याने धुतलंत का?" आलेल्या माणसाला ही थट्टाच वाटे. पाण्यानेच वाट लावली म्हणून तो इथवर आलेला, आणि हा गृहस्थ म्हणतो, आणखी पाणी ओता!

पण त्यांचं म्हणणं साधं होतं. पाणी वाळून जातं, मीठ जात नाही. ते आत ठाण मांडून बसतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि सावकाश तांबं खातं. म्हणून खारं पाणी शिरलेलं यंत्र आधी बॅटरीपासून तोडायचं, उघडायचं, गोड्या पाण्याने धुवायचं आणि मगच सुकवायचं. लोक नेमकं उलटं करत. कोणी पाण्याची खोली मोजायचं यंत्र तांदळाच्या डब्यात पुरून ठेवी, कोणी नकाशाचा पडदा केस वाळवायच्या ड्रायरसमोर धरी. एकाने तर वारा मोजायचं यंत्र ओव्हनमध्ये ठेवलं होतं. "भाजून आणलंतच आहे, तर आता वाढायला घेऊ का?" असं गोडेपाणींनी विचारल्यावर तो जो गेला तो पुन्हा फिरकला नाही.

त्यांचं दुकान धक्क्यामागच्या गल्लीत, शिडं शिवणाऱ्याच्या डोक्यावर, एका खोलीचं. खोलीत टेबलापेक्षा बेसिन मोठं. खिडकीजवळ दोरी बांधलेली आणि तिच्यावर चिमटे लावून धुतलेली सर्किटं वाळत घातलेली, तान्ह्या बाळाचं घर असावं तशी. स्पिरिटचा आणि तापलेल्या सोल्डरचा वास भिंतींना कायमचा लागलेला. खालून शिवणयंत्राची घरघर चालू असायची, ती थांबली की गोडेपाणी ओळखायचे, जेवायची वेळ झाली.

माणूस तसा बरा, पण तोंडाने फटकळ. यंत्र पाहून ते दोनच निकाल द्यायचे. "हे जगेल," किंवा "हे गेलं." मधलं काही नाही. "बघू," "सांगता येत नाही," "प्रयत्न करतो," असली बोळवण त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाची केली नव्हती. पुष्कळांना ते झोंबायचं. पण ज्याला उद्या या यंत्राच्या भरवशावर किनारा सोडायचा आहे, त्याला गोड बोलणारा कारागीर काय कामाचा? त्यामुळे त्यांच्यावर रुसलेली माणसंही भिजलेलं खोकं बगलेत मारून त्यांचाच जिना चढायची. आणि होडी आपोआप दिशेवर ठेवणारा ऑटोपायलट भरकटतो अशी तक्रार आली की ते पेचकस उचलायच्या आधी विचारायचे, "होकायंत्राच्या शेजारी काय ठेवलंय?" लोखंड किंवा चुंबक जवळ आलं की होकायंत्र फसतं. दहातल्या आठ वेळा तिथे कोणाच्या तरी हातोड्या, नाहीतर खाऊचा पत्र्याचा डबा निघायचा. मग त्या माणसाची जी शोभा व्हायची, ती खाली शिडं शिवणाऱ्याला ऐकू जायची.

अशा माणसाची एकुलती एक लेक. लहानपणी शाळेतून आली की ती उपड्या बादलीवर बसून जुन्या दातांच्या ब्रशने सर्किटं घासायची. मोठी झाली, गणित शिकवायला लागली, बापाला वाटलं, सुटली पाण्याच्या नादातून. आणि यंदा तिने कोणाला न विचारता एक जुनी शिडाची होडी घेतली. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण शाळेची सुट्टी संपायच्या आत तिला एकटीने समुद्रापलीकडच्या बेटापर्यंत जायचं होतं. मधे उघडा समुद्र, दोन रात्री पाण्यावर. एकट्या माणसाला कधीतरी डोळा मिटावा लागतोच, आणि तेवढा वेळ होडी ऑटोपायलटच्या हवाली करावी लागते. तो नीट चालत असेल तर जाता येतं, नसेल तर नाही. वारा फिरायला थोडेच दिवस उरले होते. एकदा फिरला की हंगाम संपला, सुट्टीही संपली.

गोडेपाणी यावर काही बोलले नाहीत. गिऱ्हाइकाला तोंडावर खरं सांगणारा हा माणूस घरात मूग गिळून बसला. "जा" म्हणाले नाहीत, "जाऊ नको" म्हणाले नाहीत. फक्त जेवताना मीठ कमी आहे, मीठ जास्त आहे, असं सारखं खुसपट काढायला लागले.

मग ती लाट आली. लेक सरावाला बाहेर गेली होती, खाली जायच्या दाराची फळी लावायची राहिली, आणि एक आडवी लाट सरळ आत शिरून यंत्रं बसवलेल्या पाटीवर आदळली. खोली, नकाशा, वारा, ऑटोपायलट, सगळ्यांचे दिवे एकदम गेले. तिने आधी बॅटरीचं बटण बंद केलं, मग पिण्याच्या पाण्याचे कॅन उघडले आणि एकूण एक यंत्र गोड्या पाण्याने धुऊन काढलं. स्वतःला प्यायला घोटभरही ठेवलं नाही. ओठ सुकलेल्या अवस्थेत ती धक्क्याला लागली आणि यंत्रांची पिशवी घेऊन जिना चढून आली.

"गोड्या पाण्याने..." ते म्हणाले.

"धुतली. आधी मला पाणी द्या."

दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर गोडेपाणींनी त्याला खुर्ची दिली असती, चहा पाजला असता. लेकीवर मात्र ते उखडले. फळी का लावली नाहीस, बाहेर लाटा दिसत नव्हत्या का, अक्कल गहाण टाकली होतीस का. ती पाणी पीत ऐकत राहिली. तिला वाटलं, होडीचं नुकसान झालं म्हणून बाबा चिडलेत.

काम त्यांनी लगेच हाती घेतलं. खोली मोजणाऱ्या यंत्राच्या काचेत धुकं धरलं होतं, ते सुकवून काच नव्या रबराने बसवली. नकाशाच्या पडद्याची बटणं आपोआप दाबली जात होती, ती सुटी करून स्पिरिटने पुसली. लेकीने वेळेवर धुतल्यामुळे बहुतेक सगळं जगलं. अडून बसला तो ऑटोपायलट. टेबलावर तो शहाण्यासारखा चाले आणि होडीवर नेऊन जोडला की थोड्या वेळाने मान टाकी. दोनदा काढला, दोनदा लावला, तरी तेच.

तिसऱ्या खेपेला त्यांनी यंत्राला हात न लावता बॅटरीकडून येणारी केबल कापली. वरचं आवरण सोललं. आतलं तांबं चकचकीत असायला हवं, ते वीतभर लांबीपर्यंत कोळशासारखं काळं होतं. दाबल्यावर टोकातून पाण्याचा थेंब बाहेर आला. पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून आतल्या आत चढत गेलं होतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. दोष सापडला होता. नवी केबल टाकायला एक दुपार पुरली असती.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "बाबा, काय निकाल?"

"बघू," गोडेपाणी म्हणाले. "अजून काही कळत नाही."

जन्मात पहिल्यांदा ते असं बोलले, आणि बोलल्यावर त्यांनाच ते इतकं सोपं वाटलं की दुसऱ्या दिवशीही तेच बोलले. तिसऱ्या दिवशीही. लेक रोज खिडकीतून वाऱ्याकडे पाहायची आणि परत जायची.

त्यांची बायको दुपारी जेवणाचा डबा घेऊन दुकानात यायची. ती यायची तेव्हा डबा ठेवायला जागा नसायची, म्हणून ती बेसिनचा काठ पुसून घ्यायची. त्या दिवशी पुसताना तिच्या हाताला तो कापलेला केबलचा तुकडा लागला. तिने उचलून उजेडात धरला. एवढी वर्षं या माणसाच्या संसारात काढलेली बाई, काळं तांबं म्हणजे काय हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"हे कुठलं?"

"आहे असंच एक."

"होडीवरचं ना? पांढरं आवरण आहे. तिने माझ्यासमोर विकत घेतलं होतं." तिने तुकडा टेबलावर ठेवला. "म्हणजे तुम्हाला कळलंय."

गोडेपाणींनी डबा उघडला, पुन्हा बंद केला.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय."

"कळलंय," ते म्हणाले.

"मग पोरीला रोज काय सांगताय?"

"थोडे दिवस गेले की वारा फिरेल. मग राहील आपोआप."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला नाही की आवाज चढवला नाही. ती उपड्या बादलीवर बसली. "थांबवायचंय तर तोंडाने सांगा की. यंत्राच्या आडून कशाला? ती ऐकेल, नाही ऐकणार, भांडेल. पण तिला कळेल तरी कोण अडवतंय ते."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. मला रात्रभर झोप नसते. पण तुमची भीती निराळी दिसतेय."

गोडेपाणी बोटांनी टेबलाचा काठ खरवडू लागले. मग म्हणाले, "ती बुडेल असं मला वाटतच नाही गं. तिचा हात मी पाहिलाय. ती व्यवस्थित पोचेल. पोचली की पुढच्या वर्षी आणखी लांब जाईल. मग कधीतरी तिकडेच राहील. आपण इथे कोणाची वाट बघायची?"

हे ऐकून बायकोचे डोळे भरून आले. तिला नवऱ्याचा राग यायचा होता, तो आलाच नाही. ती एवढंच म्हणाली, "जेवा. आणि आज जाऊन तार बदला." मग रिकामी पिशवी घेऊन ती जिना उतरली.

त्यांनी त्याच दुपारी तार बदलली. लेक शिडाच्या दोऱ्या तपासत वर बसली होती आणि हे खाली, पाटीच्या मागे डोकं घालून. केबलच्या टोकावर तांब्याचा लग, म्हणजे तार पकडणारी टोपी, चढवायचा, चिमट्याने दाबायचा, वर नळी चढवून गरम करायची. हे काम ते डोळे मिटून करायचे. त्या दिवशी मात्र कधी एकदा संपतंय असं त्यांना झालं होतं. वरून लेकीची पावलं ऐकू आली की त्यांचे हात चोरट्यासारखे घाई करायचे.

"सापडलं," बाहेर येऊन ते म्हणाले. "केबल काळी पडली होती."

"कधी सापडलं?"

"आत्ताच."

लेकीने वरून खाली उडी मारली आणि बापाला मिठी मारली. गोडेपाणींना ती मिठी अंगाला टोचली.

मनाला लागलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते एक मोठी कॅनव्हासची पिशवी भरून घेऊन आले. जादा फ्यूज, लग, पकडी, पेचकसांचा जुडगा, आणि हवामान ऐकायला बॅटरीवरचा जुना रेडिओ, चांगल्या दणकट स्पीकरचा. लाटांत पिशवी इकडेतिकडे आपटू नये म्हणून त्यांनी झोपायच्या फळीखालचा कप्पा रिकामा केला, चारी बाजूंनी चिंध्या कोंबल्या आणि पिशवी आत घट्ट बसवली. लेकीला सांगितलंही नाही. आयती सापडली की तिला बरं वाटेल, असा हिशेब. त्या कप्प्याच्या पातळ लाकडी भिंतीपलीकडे, होडीच्या अगदी मधोमध, ऑटोपायलटला दिशा सांगणारं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र बसवलेलं होतं. गिऱ्हाइकांना ज्या चुकीसाठी ते जिन्यापर्यंत पिटाळत, तीच चूक ते स्वतः मोठ्या मायेने, चिंध्या लावून करून बसले होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं शेवटच्या तपासणीला धक्क्याबाहेर निघाले. ऑटोपायलट लावला, तो मान न टाकता चालू लागला. लेक खूश झाली. मग तिने दीपस्तंभ आणि त्यामागची पाण्याची टाकी एका रेषेत आणली. ती रेष नकाशावर आखलेली असते, तिची दिशा पक्की. तिने पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. यंत्र भलतीच दिशा दाखवत होतं.

गोडेपाणींनीही पाहिलं. "होकायंत्राच्या सेन्सरमध्ये पाणी गेलेलं दिसतंय," ते म्हणाले. त्यांना खरोखरच तसं वाटलं. आणि खोटं कशाला सांगा, त्यांच्या छातीवरचं ओझं थोडं हलकंही झालं. या वेळी त्यांनी काही केलं नव्हतं, होडीनेच नाही म्हटलं होतं. "हे गेलं," ते म्हणाले. "नवीन मागवायला लागेल. यंदा नाही जमायचं."

 लेकीने सुकाणू हातात घेतलं आणि होडीचा एक मोठा, सावकाश गोल फेरा मारला. हातातलं साधं होकायंत्र डोळ्यांशी धरून ती पडद्यावरचा आकडा ताडून पाहत होती. उत्तरेला तोंड असताना यंत्र उजवीकडे चुकत होतं. दक्षिणेला तोंड केल्यावर तितकंच डावीकडे.

"पाणी गेलेलं असतं तर ते कसंही चुकलं असतं, बाबा," ती म्हणाली. "हे हिशेबाने चुकतंय. जवळ काहीतरी आहे. परवा केबल बदलल्यावर बरोबर होतं. परवापासून होडीवर काय नवीन आलं?"

गोडेपाणींचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी बोटाने खाली, फळीकडे दाखवलं.

तिने कप्पा उघडला, चिंध्या उपसल्या, पिशवी ओढून काढली आणि होडीच्या पुढच्या टोकाला नेऊन ठेवली. परत येऊन पडदा पाहिला. दिशा जागेवर आली होती. ती पुन्हा पिशवीपाशी गेली, वाकून आतल्या वस्तू पाहू लागली, स्पीकरात चुंबक असलेला तो रेडिओ बाहेर काढून त्याच्यावरची धूळ पुसली. 

"मुद्दाम ठेवलीत का?" तिने पाठमोरीच विचारलं.

"नाही." ते एवढं बोलून गप्प राहिले असते तरी चाललं असतं. उत्तर खरं होतं आणि प्रश्न तेवढाच होता. पण गोडेपाणींना ते गिळवेना. "ही नाही. केबलचं मुद्दाम केलं. तू निकाल विचारलास त्या पहिल्याच दिवशी सापडली होती. तुला सांगितलं नाही. तू जाऊ नयेस म्हणून."

ती वळली. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"माझ्याशी भांडायचं होतंत," ती म्हणाली. "बाबा, तिथे अंधारात तो पडदा मला काहीतरी सांगणार आणि मी त्यावर विश्वास ठेवून डोळे मिटणार. का मिटणार? तुम्ही दुरुस्त केलंय म्हणून. दुसरं काही कारणच नव्हतं. आता मी काय करू?"

 आयुष्यभर लोकांच्या यंत्रांतलं मीठ धुतलं आणि घरच्याच माणसाचा भरवसा नासवला, हे त्यांना त्या घटकेला लख्ख दिसलं, आणि इतकी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती. त्यांनी खिशातला पेचकस काढून तिच्यापुढे धरला. "सगळं उघड," ते म्हणाले. "मी केलेलं एकूण एक. तू बघ. मी हात लावत नाही."

धक्क्याला लागल्यावर तिने पाटीचे स्क्रू काढले. गोडेपाणी शेजारी बसून निघतील तसे स्क्रू तळहातावर घेत राहिले. तिने खोलीचं यंत्र उघडलं, रबर दाबून पाहिलं, बंद केलं. नकाशाची जोडणी पाहिली. वाऱ्याची पाहिली. बापाच्या कामात खोट काढायला ती बसली नव्हती, पण एक जागा तिने सोडली नाही. शेवटी ती नव्या केबलपाशी आली. वरून ती देखणी दिसत होती, नळी गुळगुळीत चढलेली, एक सुरकुती नाही. तिने लग एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने तार ओढली. जोर लावावा लागला नाही. तार लगमधून सरकून तिच्या हातात आली.

चिमटा अर्धवटच दाबला गेला होता. वरची नळी तेवढी त्याला सांभाळून होती. धक्क्यातल्या शांत पाण्यात हे चाललं असतं. बाहेर, होडी रात्रभर आपटायला लागल्यावर, ते सुटलं असतं. ती झोपलेली असताना सुटलं असतं. केबलचं ते बोलले नसते तर तिने हे कधी उघडलं नसतं. गोडेपाणींनी हातातले स्क्रू फळीवर ठेवले आणि एक नवा लग काढून तिच्यापुढे धरला.

लेकीने सुटलेल्या तारेकडे पाहिलं, त्यांच्या हातातला लग घेतला. "दिवा जरा इकडे धरा," ती म्हणाली आणि तिने चिमटा उचलला.

वारा चांगला होता म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच ती निघाली. आईने डबा दिला, वडिलांनी दोरी सोडली. शीड भरलं, होडी धक्क्याच्या तोंडातून बाहेर पडली आणि दीपस्तंभाच्या पलीकडे वळली. ती दिसेनाशी झाल्यावरही दोघं तिथेच उभी राहिली.

"अहो," बायकोने हळूच विचारलं, "यंत्रं नीट आहेत ना सगळी?"

"आहेत," गोडेपाणी म्हणाले. "तिने तपासलीत."